‘मी निवडलेला आहे का?’ – रोमकरांस पत्राचा नववा अध्याय अकराव्यापर्यंत वाचताना

तुमचा प्रश्न असा आहे: जगाच्या स्थापनेपूर्वीच देवाने काहींना तारणासाठी आणि बाकीच्यांना नाशासाठी नेमून ठेवले असेल, तर सुवार्तेतल्या ‘जो कोणी’ या शब्दांना काय अर्थ उरतो? आणि आपण निवडलेल्यांपैकी आहोत की नाही, हे माणसाने ओळखायचे कसे? अभ्यासगटातल्या मित्रांनी रोमकरांस ९, इफिसकरांस १ आणि योहान ६ हे तीन उतारे दाखवले आणि तेव्हापासून प्रार्थना करणे जड जाते आहे, असेही तुम्ही लिहिले आहे. या शेवटच्या वाक्यामुळे उत्तर जरा सविस्तर देतो.

पवित्र शास्त्र निवड शिकवते आणि पूर्वनियोजनही शिकवते. हे शब्द रोमकरांस पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाचे आहेत. ते अवघड वाटतात म्हणून टाळून पुढे जाता येणार नाही. पण ठरावीक माणसांना जन्माआधीच तारणातून वगळणारा गुप्त निर्णय शास्त्रात मला कुठेही सापडत नाही. रोमकरांस पत्र मी बरीच वर्षे शिकवत आलो आहे आणि दर वेळी या मतावर अधिक ठाम होतो.

तुमच्या मित्रांचे म्हणणे ज्या मतातून येते त्या कॅल्व्हिनवादाची शिकवण आधी नीट मांडू या, कारण तिचे विरोधक पुष्कळदा तिला विकृत करून मग खोडतात. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिन याने आपला ‘इन्स्टिट्यूट्स’ हा ग्रंथ 1536 मध्ये पहिल्यांदा छापला आणि 1559 पर्यंत तो वाढवत नेला. त्याच्या तिसऱ्या भागात तो स्पष्ट म्हणतो की सर्व माणसे सारख्या स्थितीसाठी निर्माण झालेली नाहीत. काहींसाठी सार्वकालिक जीवन तर काहींसाठी सार्वकालिक दंड आधीच ठरलेला आहे. या निर्णयाला त्याने स्वतःच भयंकर म्हटले आहे. पुढे नेदरलँड्समध्ये, या शिकवणीला आक्षेप घेणारा डच धर्मशास्त्रज्ञ आर्मिनियस याच्या अनुयायांनी 1610 मध्ये पाच मुद्द्यांचे निवेदन मांडले. त्याला उत्तर म्हणून 1618-19 मध्ये डॉर्ट येथे धर्मसभा भरली. माणसाची पूर्ण भ्रष्टता, बिनशर्त निवड, मर्यादित प्रायश्चित्त (ख्रिस्त फक्त निवडलेल्यांसाठी मरण पावला), अविरोध्य कृपा (जिला माणूस नाकारू शकत नाही) आणि पवित्र जनांचे शेवटपर्यंत टिकणे हे पाच मुद्दे आज कॅल्व्हिनवादाची ओळख म्हणून सांगितले जातात, त्यांचे मूळ या सभेच्या निर्णयांत आहे.

यातली पहिली गोष्ट मला मोठ्या प्रमाणात मान्य आहे. माणूस पापात मेलेला आहे, कृपेने आधी पाऊल उचलल्याशिवाय तो देवाकडे वळूच शकत नाही, हे आर्मिनियसनेही मानले होते. तेव्हा वाद ‘कृपा की माणसाचे कर्तृत्व’ असा नाहीच. ती कृपा खरोखर कोणासाठी आहे, यावर वाद आहे.

आता रोमकरांस ९. हा अध्याय सुरू कसा होतो ते पाहा. पौल रडतो आहे. आपल्या यहूदी बांधवांसाठी आपण स्वतः शापित होऊन ख्रिस्तापासून तुटलो तरी चालेल, इतकी त्याची वेदना आहे. त्याच्यासमोरचा प्रश्न असा: देवाने इस्राएलाला अभिवचने दिली, मसीहा आला आणि बहुतेक इस्राएलाने त्याला नाकारले, मग देवाचे वचन व्यर्थ गेले का? पौल उत्तर शोधतो आहे ते या प्रश्नाचे. अमुक एक माणूस स्वर्गात आणि अमुक एक नरकात का जातो, हा प्रश्न तिथे विचारलेलाच नाही. यहूदी माणूस म्हणत होता, ‘आम्ही अब्राहामाचे वंशज, त्यामुळे अभिवचनावर आमचा हक्क आहे.’ पौल त्याला त्याच्याच इतिहासातून दाखवतो की वंश हा आधार कधीच नव्हता. इश्माएलही अब्राहामाचाच मुलगा होता, पण अभिवचनाची वाट इसहाकातून गेली. एसाव आणि याकोब तर एकाच आईच्या पोटी एकाच वेळी होते, तरी ती वाट याकोबातून गेली.

इथे जरा थांबून जुना करार उघडा. उत्पत्ती 25:23 मध्ये परमेश्वर रिबकेला सांगतो की तुझ्या पोटात दोन राष्ट्रे आहेत आणि वडील धाकट्याची सेवा करील. एसावाने स्वतः हयातीत याकोबाची सेवा कधी केली नाही. उलट उत्पत्ती 33 मध्ये याकोबच भावासमोर सात वेळा भूमीपर्यंत लवतो आणि एसाव धावत येऊन त्याला मिठी मारतो. ते भाकीत खरे ठरले ते दाविदाच्या काळात, एसावाचे वंशज अदोमी लोक याकोबाच्या वंशाच्या, म्हणजे इस्राएलाच्या, अंकित झाले तेव्हा. आणि ‘याकोबावर मी प्रीती केली, पण एसावाचा द्वेष केला’ हे वाक्य बाळांच्या जन्माआधी उच्चारलेले नाहीच. ते मलाखीच्या पहिल्या अध्यायातले आहे, कित्येक शतकांनंतरचे, आणि त्याचा विषय अदोम राष्ट्राचा ओसाड पडलेला प्रदेश हा आहे. ‘द्वेष’ या शब्दाने दचकायला होते खरे. पण आईबापांचा द्वेष केल्याशिवाय माझा शिष्य होता येत नाही, असे येशूही लूक 14:26 मध्ये म्हणतो, आणि तिथे एकाला दुसऱ्याच्या पुढे स्थान देणे एवढाच अर्थ आपण सगळे घेतो. शिवाय नियमशास्त्र इस्राएलाला बजावते की अदोम्याचा तिरस्कार करू नकोस, तो तुझा भाऊ आहे (अनुवाद 23:7).

इश्माएलाचे काय झाले तेही पाहा. अभिवचनाची वाट त्याच्यातून गेली नाही. तरी देवाने त्याला आशीर्वाद दिला, रानात तहानेने मरायला टेकलेल्या त्या पोराचा आवाज ऐकला, आणि उत्पत्ती 21:20 म्हणते की देव त्या मुलाबरोबर होता. एखाद्या कार्यासाठी न निवडला जाणे म्हणजे देवाने टाकून दिलेला असणे, असे समीकरण शास्त्र मांडत नाही. अब्राहामाला निवडले तेच मुळी पृथ्वीवरील सर्व कुळे त्याच्या द्वारे आशीर्वादित व्हावीत म्हणून (उत्पत्ती 12:3). एकाची निवड इतरांच्या भल्यासाठी असते. हा धागा हातातून सुटला की नववा अध्याय भयानक वाटू लागतो.

पुढे पौल मोशेला सांगितलेले शब्द उद्धृत करतो: ‘ज्याच्यावर मला दया करायची त्याच्यावर मी दया करीन.’ बहुतेक जण हे वाक्य धमकीसारखे वाचतात. निर्गम 33 मध्ये ते कुठे येते? सोन्याचे वासरू करून लोकांनी करार मोडला आहे, मोशे मध्ये पडून विनवतो आहे, आणि न्यायाने नाशालाच पात्र असलेल्या त्या लोकांना देव पुन्हा आपल्याबरोबर घेतो आहे. मी दया करायला मोकळा आहे, ती कोणत्या मर्यादेत बसवायची हे तुम्ही ठरवू नका, असा त्याचा रोख आहे. पौल तो रोख परराष्ट्रीयांकडे, म्हणजे यहूदी नसलेल्यांकडे, वळवतो.

इस्राएलाला गुलामगिरीतून सोडायला नकार देणाऱ्या मिसरच्या राजाचे, फारोचे, उदाहरण सर्वांत अवघड, आणि तिथे घाई करू नये. परमेश्वराने निर्गम 4:21 मध्येच सांगितले होते की मी त्याचे मन कठीण करीन. हे वचन कॅल्व्हिनवादी मित्र दाखवतील आणि ते खरे आहे. पण त्याच्या आधीच्याच अध्यायात देव म्हणतो की हा राजा तुम्हांला जाऊ देणार नाही हे मला ठाऊक आहे. आणि देवाने मिसरवर आणलेल्या पीडा सुरू झाल्यावर बेडकांच्या पीडेनंतर, गोमाश्यांच्या पीडेनंतर फारोने स्वतःच आपले मन कठीण केले, असे आठवा अध्याय स्पष्ट नोंदवतो. परमेश्वराने त्याचे मन कठीण केले असे पीडांच्या ओघात थेट म्हटले जाते ते 9:12 मध्ये. ज्याने स्वतः वारंवार नकार दिला त्याला देव त्या नकारातच पक्का करतो. निष्पाप, वळण्यास तयार असलेल्या माणसाला धरून देवाने त्याचे मन दगड केले, असे तिथे नाही. आणि हेतू काय होता? देवाचे नाव सर्व पृथ्वीवर गाजावे हा. ते गाजले: यरीहोत राहाब नावाच्या कनानी वेश्येने तांबड्या समुद्राची वार्ता ऐकली आणि ती विश्वासाने वाचली. एकाच्या कठीण होण्यातूनही देवाने दुसऱ्यासाठी दयेचे दार उघडले. अकराव्या अध्यायात पौल इस्राएलाविषयी नेमके हेच म्हणणार आहे.

कुंभाराचा दृष्टान्त ऐकला की पुष्कळांना वाटते की विषय संपला: मातीने कुंभाराला जाब विचारायचा नाही. खरेच विचारायचा नाही. पण पौलाच्या यहूदी वाचकाच्या मनात यिर्मयाचा कुंभार होता. यिर्मया 18 मध्ये चाकावरचे भांडे बिघडते आणि कुंभार त्याच मातीचे दुसरे भांडे घडवतो. त्याचा अर्थ परमेश्वर स्वतः सांगतो: मी एखाद्या राष्ट्राचा नाश करण्याचे ठरवले आणि ते राष्ट्र दुष्टाईपासून वळले, तर मी आणणार होतो ते अरिष्ट आणणार नाही. म्हणजे कुंभाराचा अधिकार अमर्याद आहे, आणि तो अधिकार कसा वापरायचा हे त्याने स्वतः जाहीर केले आहे. पौल क्रोधाच्या पात्रांविषयी, म्हणजे क्रोधाला योग्य अशा भांड्यांविषयी, लिहितो की देवाने त्यांना फार सहनशीलतेने वागवले. ही सहनशीलता कशासाठी असते ते त्याने याच पत्रात 2:4 मध्ये सांगून ठेवले आहे: पश्चात्तापाकडे नेण्यासाठी. आणि इफिसकरांस 2:3 म्हणते की आपणही स्वभावतः क्रोधाची प्रजा होतो. क्रोधाचे पात्र म्हणजे कायमचे क्रोधाचे, हे गृहीतक वचनातून आलेले नाही.

मग पौलाचा निष्कर्ष काय? तो त्याने स्वतः लिहून ठेवला आहे, 9:30-32 मध्ये. इस्राएल का अडखळले? देवाने त्यांना निवडले नव्हते म्हणून, असे म्हणायला याहून सोयीची जागा नव्हती. तो म्हणतो, कारण ते विश्वासाने नव्हे तर कर्मांनी नीतिमत्त्व मिळवू पाहत होते. पुढच्याच वाक्यांत (10:1) तो त्यांच्याच तारणासाठी प्रार्थना करतो. दहाव्या अध्यायाच्या शेवटी देव हट्टी लोकांपुढे दिवसभर हात पसरून उभा आहे. अकराव्यात पौल विचारतो, ते अडखळले ते कायमचे पडावे म्हणून का? आणि स्वतःच म्हणतो, कधीच नाही. देवाच्या लोकांना तो जैतुनाच्या झाडाची उपमा देतो: फांद्या तोडल्या गेल्या त्या अविश्वासामुळे. त्या अविश्वासात राहिल्या नाहीत तर देव त्यांना पुन्हा कलम करून लावू शकतो (11:23). आणि कलम केलेल्या परराष्ट्रीयालाही तो ताकीद देतो की देवाच्या ममतेत राहिला नाहीस तर तूही छाटला जाशील. ‘कठीण झालेले’ परत येऊ शकतात आणि ‘आत असलेले’ तोडले जाऊ शकतात, तर ही यादी काळाच्या आधी कायमची बंद झालेली नाही. 11:32 वर सगळे येऊन थांबते: देवाने सर्वांना आज्ञाभंगात कोंडून ठेवले ते सर्वांवर दया करावी म्हणून.

इफिसकरांस १ साठी इतके लिहावे लागणार नाही. तिसऱ्या वचनापासून चौदाव्यापर्यंत सावकाश वाचत जा आणि ‘ख्रिस्तामध्ये’, ‘त्याच्या ठायी’ हे शब्द कुठे कुठे येतात त्यांवर खूण करा. जवळपास प्रत्येक वचनात खूण होईल. देवाचा निवडलेला तो पहिल्यांदा ख्रिस्त आहे. यशया 42 मधला निवडलेला सेवक तोच, आणि रूपांतराच्या डोंगरावर ‘हा माझा निवडलेला पुत्र’ अशी वाणी त्याच्याविषयीच होते. आपण त्याच्यात आल्यामुळे त्याच्या निवडीचे भागीदार होतो. कधी आलो? तेराव्या वचनात आहे: तुम्ही सत्याचे वचन ऐकले, विश्वास ठेवला आणि तुमच्यावर पवित्र आत्म्याचा शिक्का बसला. आणि पूर्वी नेमले ते कशासाठी? पवित्र व निर्दोष असावे, दत्तक पुत्र व्हावे, रोमकरांस 8:29 प्रमाणे पुत्राच्या प्रतिमेसारखे व्हावे यासाठी. ख्रिस्तात असलेल्याचे शेवटी काय होणार हे देवाने पक्के ठरवले आहे. कोणी ख्रिस्तात यायचे आणि कोणाला दाराबाहेर ठेवायचे याची नावानिशी वाटणी त्या उताऱ्यात नाही.

योहान 6:44, ‘पित्याने ओढल्याशिवाय कोणी माझ्याकडे येऊ शकत नाही’, हे मी अक्षरशः मानतो. पण मित्र म्हणतात की ज्याला ओढले तो येणारच, आणि सगळ्यांना ओढलेले नाही. योहान 12:32 मध्ये येशू म्हणतो, मी उंच केला गेलो तर सर्वांना आपल्याकडे ओढीन. आणि त्याच शुभवर्तमानात, सहाव्याच्या एक अध्याय आधी, त्याला जिवे मारू पाहणाऱ्या लोकांशी तो बोलतो आहे: तुमचे तारण व्हावे म्हणून मी हे सांगतो (5:34), तरी जीवन मिळावे म्हणून माझ्याकडे यायची तुमची इच्छा नाही (5:40). न येणाऱ्यांचे तारण व्हावे म्हणून पुत्र बोलत होता. प्रेषितांची कृत्ये 13:48 (‘सार्वकालिक जीवनासाठी जितके नेमलेले होते तितक्यांनी विश्वास ठेवला’) कोणी पुढे केले, तर दोन वचने मागे जा. तिथे पौल यहूद्यांना सांगतो की तुम्हीच स्वतःला सार्वकालिक जीवनासाठी अपात्र ठरवता.

आता वादाच्या गाभ्याकडे येतो. देवाची इच्छा सर्व माणसांचे तारण व्हावे अशी आहे (1 तीमथ्य 2:4). कोणाचा नाश व्हावा अशी त्याची इच्छा नाही (2 पेत्र 3:9). दुष्टाच्या मरणाने त्याला संतोष होत नाही (यहेज्केल 33:11). ख्रिस्त केवळ आमच्याच नव्हे तर सर्व जगाच्या पापांबद्दल प्रायश्चित्त आहे (1 योहान 2:2). कॅल्व्हिनने तीमथ्याच्या पत्रातल्या ‘सर्व’चा अर्थ ‘सर्व प्रकारची’ माणसे असा घेतला. पण पौल तिथे सर्वांसाठी प्रार्थना करायला सांगून मग कारण देतो; राजे आणि अधिकारी ही त्या प्रार्थनेतली उदाहरणे आहेत, ‘सर्व’ची मर्यादा नव्हेत. 2 पेत्र 2:1 तर म्हणते की खोटे शिक्षक ज्या धन्याने त्यांना विकत घेतले त्यालाच नाकारतात आणि स्वतःवर नाश ओढवून घेतात. नाश पावणाऱ्यांसाठीही किंमत भरली गेली होती.

यावर कॅल्व्हिनवादाचे सर्वांत गंभीर उत्तर असे की देवाच्या दोन इच्छा आहेत: एक प्रकट झालेली, जिच्यात तो सर्वांना बोलावतो, दुसरी गुप्त, जिच्यात त्याने प्रत्यक्षात काहींनाच निवडले आहे. मला सर्वांत जास्त खुपते ते हेच. येशू यरुशलेमकडे पाहून रडला. कोंबडी पिलांना पंखांखाली घेते तसे तुला जवळ घ्यायची माझी कितीदा इच्छा होती, पण तुमची इच्छा नव्हती, असे तो म्हणाला (मत्तय 23:37). त्या अश्रूंच्या मागे, त्याच शहरातल्या बहुतेकांनी येऊच नये असा पित्याचा निर्णय असेल, तर ते अश्रू पित्याचे मन दाखवत नाहीत. मग ‘ज्याने मला पाहिले त्याने पित्याला पाहिले’ या वाक्याचे काय करायचे? देवाच्या कितीतरी गोष्टी आपल्यापासून गुप्त आहेत हे मान्य. पण ख्रिस्तात जे दिसले त्याच्या विरुद्ध असा देव ख्रिस्ताच्या पाठीमागे उभा नाही. काही मवाळ कॅल्व्हिनवादी म्हणतात की देव कोणाला नाशासाठी नेमत नाही, फक्त त्यांना ओलांडून पुढे जातो. पण जी कृपा मिळाल्याशिवाय माणूस वळूच शकत नाही आणि मिळाली की वळतोच, ती फक्त काहींनाच द्यायची असे ठरले असेल, तर उरलेल्यांपुरता त्या दोन वाक्यांत फरक राहत नाही. शास्त्र मात्र म्हणते की माणसे कृपेला विरोध करू शकतात: परूशांनी स्वतःसंबंधीचा देवाचा संकल्प नाकारला (लूक 7:30), आणि ऐकणाऱ्यांनी पवित्र आत्म्याला नेहमी विरोध केला, असे स्तेफन म्हणाला (प्रेषितांची कृत्ये 7:51).

‘मग विश्वास हे माणसाचे पुण्यकर्म झाले ना?’ असे तुम्हाला विचारले जाईल. पौलाने विश्वास आणि कर्म ही एकमेकांविरुद्ध ठेवली आहेत (रोमकरांस 4:4-5). कृपेने असावे म्हणूनच ते विश्वासाने आहे, असे तो 4:16 मध्ये म्हणतो. रिकाम्या हाताने घेणे ही कमाई होत नाही. 529 मध्ये ऑरेंज येथील धर्मसभेने विश्वासाची सुरुवातही कृपेनेच होते असे ठामपणे सांगितले, आणि त्याच सभेने देवाने कोणाला वाईटासाठी पूर्वनियोजित केले या मताचा कडक शब्दांत धिक्कार केला. म्हणजे या दोन्ही गोष्टी एकत्र धरणारी मंडळी कॅल्व्हिनच्या हजार वर्षे आधीही होती.

आता तुमची प्रार्थना. एक तरुण माझ्याकडे यायचा. रोज रात्री स्वतःला तपासायचा: आज पापाचा पुरेसा तिटकारा वाटला का, वचन वाचताना मन हलले का, की माझा विश्वास खोटाच आहे? हा निव्वळ त्याच्या स्वभावाचा दोष नव्हता. कॅल्व्हिनने स्वतः लिहिले आहे की न निवडलेल्यांनाही कधीकधी निवडलेल्यांसारखाच अनुभव येतो, इतका की त्यांचा त्यांनाही फरक कळत नाही. त्यावर उपाय म्हणून तोच सांगतो की ख्रिस्त हा आपल्या निवडीचा आरसा आहे, त्याच्याकडे पाहा. हा सल्ला उत्तम आहे, मीही तोच देतो. पण ख्रिस्त माझ्यासाठी मरण पावला की नाही हेच अनिश्चित असेल, तर त्या आरशात मला माझा चेहरा दिसेल याची खात्री कुठून आणायची? त्या तरुणाला मी स्वतःची तपासणी थांबवायला सांगितले आणि योहान 6:37 चा उत्तरार्ध रोज मोठ्याने वाचायला लावला: जो माझ्याकडे येतो त्याला मी मुळीच घालवून देणार नाही. ‘आला आहेस ना?’ एवढेच मी विचारत असे. सावकाश, काही महिन्यांनी, तो पुन्हा ‘माझ्या पित्या’ म्हणू लागला. तुम्हीही इथूनच सुरुवात करा. निवडलेले आहात की नाही हे शोधून मग ख्रिस्ताकडे यायचे नसते. ख्रिस्ताकडे या, निवड त्याच्यातच आहे.

मित्रांशी मात्र भांडू नका. 1793 मध्ये भारताकडे निघालेला मिशनरी विल्यम केरी कॅल्व्हिनवादी होता, त्यामुळे ‘हे लोक सुवार्ता सांगत नाहीत’ हा आरोप सरसकट करणे अन्यायाचे आहे. अठराव्या शतकातले इंग्रज प्रचारक जॉन वेस्ली (आर्मिनियसच्या मताचा) आणि जॉर्ज व्हाइटफील्ड (कॅल्व्हिनवादी) या विषयावर उघडपणे आणि कडाडून एकमेकांच्या विरोधात होते. तरी 1770 मध्ये व्हाइटफील्ड वारला तेव्हा त्याच्या स्मरणार्थ प्रवचन वेस्लीनेच दिले.

पुढच्या बैठकीत एक करून पाहा. रोमकरांस 9 ते 11 एका बैठकीत, मध्ये न थांबता, मोठ्याने वाचा. पौलाने जुन्या करारातून घेतलेले प्रत्येक वचन मूळ जागी उघडा: उत्पत्ती 25, निर्गम 33, मलाखी 1, आणि त्यांच्या जोडीला यिर्मया 18. मग 11:23 वर बोट ठेवून मित्रांना विचारा की तोडलेली फांदी पुन्हा लावली जाऊ शकते, तर 9:22 मधली क्रोधाची पात्रे कोण आहेत.